समुद्रकाठच्या आवडत्या हॉटेलात मोठा ग्रुप घेऊन जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुप 'मोठा' कधीपासून धरायचा?

आठ माणसांपासून. बहुतेक हॉटेलांत चौघांची टेबलं असतात. आठजण आले की दोन टेबलं जोडावी लागतात, एका वेटरला दुसऱ्याची मदत लागते आणि किचनमध्ये एकाच ऑर्डरसाठी शेगड्या अडतात. बारापर्यंत आयत्या वेळी मेनूकार्ड बघून मागवलं तरी निभावतं. बाराच्या पुढे गेलात की पदार्थ आधी ठरवूनच जा. वीसच्या पुढे तर हॉटेलच्या दृष्टीने ते छोटं फंक्शनच असतं, मग तुम्ही त्याला काहीही म्हणा.

हॉटेल नेहमीचं आहे, मालक ओळखतात. तरी इतकी तयारी लागते?

उलट तिथेच जास्त लागते. चौघांनी जाऊन जे हॉटेल आवडलं, ते चोवीसजणांना तसंच अनुभवता येईल असं गृहीत धरू नका. तुमचा आवडता पदार्थ कदाचित एकाच माणसाच्या हातचा असेल आणि तो एका वेळी सहाच प्लेट काढू शकत असेल. तुमचं कोपऱ्यातलं टेबल चौघांचंच असेल. ओळखीचा खरा उपयोग होतो तो मोकळेपणाने विचारायला : "आम्ही चोवीसजण येतोय, तुम्हाला काय चांगलं जमेल?" या एका प्रश्नातून मेनू जवळजवळ ठरून जातो. ओळख आहे म्हणून न कळवता थेट जाऊन उभं राहणं हा मात्र ओळखीचा गैरवापर आहे.

बुकिंग करताना नेमकं काय सांगायचं आणि काय विचारायचं?

गर्दीच्या दिवशी जायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी फोन करा, आडवारी असेल तर एक आठवडा पुरतो. दुपारी अडीच-तीनच्या किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास करावा. ऐन जेवणाच्या गर्दीत फोन उचलणारा माणूस घाईत असतो आणि अर्धवट लिहून घेतो.

सांगायच्या गोष्टी : मोठी माणसं किती, लहान मुलं किती (वयांसह, उंच खुर्ची किती जणांना लागेल तेही), व्हीलचेअर किंवा जिने न चढू शकणारं कोणी आहे का, बसायला आत हवं की बाहेर, मासे न खाणारे किती, ॲलर्जी कुणाला आणि कशाची, आणि बिल एक होणार की वेगवेगळं.

विचारायच्या गोष्टी : उशीर झाला तर टेबल किती वेळ धरून ठेवाल? टेबल किती वेळासाठी आमचं? ॲडव्हान्स किती, आणि आम्ही रद्द केलं तर तो परत मिळतो का? हवामानामुळे तुम्हीच बंद ठेवलंत तर? पक्का आकडा कधीपर्यंत द्यायचा? मोठ्या ग्रुपच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो का? बाहेर बसलो आणि पाऊस आला, तर आत तेवढ्याच खुर्च्या मिळतील का?

शेवटचा प्रश्न हटकून राहतो. बाहेर तीसजणांची सोय आणि आत बाराचीच, अशी कितीतरी हॉटेलं असतात. फोन ठेवल्यावर ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून हॉटेलला पाठवा. बुकिंग घेणारा आणि त्या दिवशी ड्यूटीवर असणारा माणूस एकच असेल असं नाही.

येणाऱ्यांचा आकडा शेवटपर्यंत पक्का होत नाही. काय करावं?

ग्रुपमध्ये एक शेवटची तारीख द्या आणि त्या तारखेपर्यंत 'हो' न कळवणारा येणार नाही असं धरा. 'बघतो', 'जमलं तर येतो' ही उत्तरं आकड्यात घेऊ नका. हॉटेलला 'हो' म्हणालेल्यांचाच आकडा सांगा, जोडीला "दोन-तीन वाढू शकतात" हेही सांगून ठेवा. दोन खुर्च्या वाढवणं सोपं असतं. वीसजणांचं जेवण सांगून चौदाजण पोचले तर सहाजणांचा मासा आधीच साफ करून मसाला लावून ठेवलेला असतो, आणि तो दुसऱ्या कुणाला खपवता येईलच असं नसतं. त्याचे पैसे मागितले तर हॉटेलवाल्यावर चिडू नका.

हॉटेलशी बोलणारा माणूस एकच असावा. तिघांनी तीन वेळा फोन करून तीन आकडे दिले की त्यातला चौथाच आकडा कुठेतरी लिहिला जातो.

कुठल्या वेळी जाणं चांगलं?

इथे तीन घड्याळं सांभाळावी लागतात : सूर्याचं, भरतीचं आणि किचनचं.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सूर्यास्ताच्या सव्वा ते दीड तास आधी बसा. स्टार्टर सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी टेबलावर येऊ द्या आणि मुख्य जेवण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी वाढायला सांगा. असं न सांगितल्यास नेमकं गरम जेवण येतं तेव्हा अर्धी मंडळी फोटो काढायला कठड्याशी गेलेली असतात. परत येईपर्यंत तळलेलं नरम पडतं, भाजलेलं गार होतं, आणि नाव किचनचं खराब होतं.

सूर्य बुडायला किती वेळ आहे याचा अंदाज हाताने घेता येतो. हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरा आणि क्षितिजापासून सूर्यापर्यंत किती बोटं मावतात ते पाहा. एका बोटाला साधारण १५ मिनिटं धरायची. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे तिथे याहून जास्त वेळ लागतो. थेट सूर्यबिंबाकडे टक लावून पाहू नका.

किनारा पूर्वेकडचा असेल तर समुद्रावर सूर्यास्त दिसणारच नाही. तिथे पौर्णिमेची संध्याकाळ निवडा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारासच समुद्रातून वर येतो. त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे तीन दिवसांनी जाल तर जेवण संपत आल्यावर दिसेल.

किचनचं घड्याळ सरळ आहे : गर्दी सुरू व्हायच्या तासभर आधी तुमची ऑर्डर लागली पाहिजे. वीसजणांची ऑर्डर ऐन गर्दीत गेली तर तुम्हीही ताटकळता आणि बाकीची टेबलंही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक जेवायला जाताना कशाला बघायचं?

टेबलं वाळूवर किंवा पाण्याला लागून असलेल्या चौथऱ्यावर असतील तर बघायलाच हवं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सहाला पाणी पायरीशी होतं म्हणून या आठवड्यातही असेल असं समजू नका. तेव्हा नेमकी ओहोटी असू शकते : समोर चिखल, उघडे पडलेले खडक आणि त्यांचा वास.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त वर येतं आणि जास्त मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. काही बंदिस्त समुद्रांत भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

भरतीचं पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकंच पाणी वाढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. वाळूवर लावलेल्या गाड्या अडकतात त्या याच दोन तासांत : जेवायला बसताना पाणी लांब असतं आणि मुख्य जेवण येईपर्यंत चाकाला लागतं. भरतीरेषा कुठवर येते ते हॉटेलवाल्यांना विचारा. नाहीतर सुकलेलं शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची ओळ वाळूवर जिथे दिसते, तिच्या वरच थांबा.

बाहेर बसावं की आत?

आमचं मत : छप्पर असलेला, बाजू उघडा व्हरांडा मिळत असेल तर तोच घ्या. उघड्यावरची टेबलं दोघा-चौघांना छान, वीसजणांना नाही. कारण वारा. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि खारे वारे समुद्राकडून आत येतात. दुपार ते चार-पाचपर्यंत ते सगळ्यात जोरात असतात, सूर्यास्ताच्या सुमारास पडतात, मग रात्री उशिरा उलटे, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारे सुरू होतात. संध्याकाळी वारा पडतो तो तास-दीड तास उघड्यावर जेवायला सगळ्यात चांगला. डास असलेल्या जागी मात्र तेही नेमके तेव्हाच निघतात, कारण वारा त्यांना उडू देत नसतो.

वाऱ्यात पातळ तळलेला तुकडा दोन-तीन मिनिटांत गार होतो, उथळ ताटलीतला मासाही. झाकणाची भांडी, मातीचे किंवा बिडाचे तवे, खोल वाडगे यांत अन्न गरम राहतं. बाहेर बसणार असाल तर मेनू ठरवताना हे लक्षात ठेवा. कागदी नॅपकिन आणि हलके प्लास्टिकचे ग्लास नकोत असं आधीच सांगा.

दुपारचं जेवण असेल तर पाण्यावरून उलटणारी चकाकी डोळ्यांत जाते. तीनच्या सुमारास सूर्य टेबलावर कुठून येतो ते विचारून घ्या. लाटांचा आवाज आणि वीस माणसांची बडबड एकत्र झाली की कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांना एक शब्द कळत नाही. त्यांना भिंतीला पाठ करून, वाऱ्याच्या आडोशाला बसवावं.

एक लांबलचक टेबल लावावं की दोन-तीन वेगळी?

सगळ्यांना एक लांब टेबल हवं असतं आणि बसल्यावर कळतं की फक्त शेजारच्या चार-पाच जणांशीच बोलता येतं. हिशोब असा : जेवताना प्रत्येकाला ६० सेंटिमीटर रुंदी लागते. १८० सेंटिमीटर लांबीच्या टेबलाला दोन्ही बाजूंना तीन-तीन, टोकांना धरून आठ. अशी चार टेबलं जोडली की सव्वासात मीटरच्या टेबलावर चोवीसजण, टोकांसह सव्वीस. एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचते तोवर जेवण संपतं. शिवाय जिथे टेबलं जुळतात तिथे पाय येतात, त्या जागी बसणारा माणूस संपूर्ण जेवणभर गुडघा वाकडा करून बसतो. तिथे लहान मुलाला बसवा.

त्यापेक्षा बारा-बाराची दोन टेबलं समांतर लावावीत. दोन्हींच्या कडांमध्ये दीड मीटर अंतर ठेवलं की पाठीला पाठ लावून लोक बसू शकतात आणि मधून वेटर जाऊ शकतो. गोल टेबलं मिळत असतील तर फारच उत्तम : १५० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टेबलाला आठ, १८० च्या टेबलाला नऊ-दहा. स्टार्टर संपल्यावर निम्म्या मंडळींनी जागा बदलायची असं ठरवलं की सगळ्यांच्या गप्पा होतात. ॲलर्जी असलेल्यांनी मात्र आपली जागा सोडू नये, कारण किचनने त्यांची प्लेट त्या खुर्चीवर लिहिलेली असते.

ऑर्डर देणारा माणूस किचनच्या बाजूच्या टोकाला, उठायला मोकळं असेल तिथे. डावखुरा टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही. वाळूवर टेबल असेल तर खुर्च्यांचे मागचे पाय हळूहळू रुततात आणि जड माणूस मागे कलंडतो. खुर्च्यांखाली फळ्या टाकून मागा, हॉटेलांकडे त्या असतात.

आमचं जेवण नेहमी एकत्र का येत नाही? काहींचं येतं, काहींचं अर्ध्या तासाने.

कारण सगळ्यांनी एकच पदार्थ मागवलेला असतो. समुद्रकाठी आल्यावर अठराजणांना भाजलेला मासाच हवा असतो. समजा जाळीवर एका वेळी सहा मासे मावतात आणि एका खेपेला बारा मिनिटं लागतात. अठरा मासे म्हणजे तीन खेपा, छत्तीस मिनिटं. पहिल्या खेपेचे मासे थांबवून ठेवले तर सुकतात, लगेच पाठवले तर सहाजण जेवतात आणि बाराजण बघत बसतात. स्वयंपाकी घाई करून जाळी गच्च भरतो तेव्हा तर मासा भाजला न जाता वाफवला जातो, कातडी जाळीला चिकटते आणि उलटताना तुटते.

तळणीचंही तसंच. एकदम खूप तुकडे सोडले की तेल गार पडतं, तुकडे तेल पितात.

यावर उपाय म्हणजे ऑर्डर किचनच्या तीन ठिकाणी वाटणं : एक तृतीयांश जाळीवरचं, एक तृतीयांश रश्शाचं किंवा वाफवलेलं, एक तृतीयांश तळलेलं किंवा ओव्हनमधलं. मोठ्या भांड्यात एकत्र शिजणारे पदार्थ सहाजणांना आणि सोळाजणांना जवळपास सारख्याच वेळात होतात. सगळं ताटात वेगवेगळं न मागवता मध्ये ठेवून वाटून घ्यायचं ठरवलं, की भाजलेल्याच्या तीन खेपासुद्धा त्रास देत नाहीत. प्रत्येक खेप येते तशी फिरते.

किती मागवायचं? दरवेळी एकतर उरतं, नाहीतर पुरत नाही.

मोठ्या माणसाला शिजलेल्या माशाचं १५० ते २०० ग्रॅम मांस पुरतं. अडचण अशी की हॉटेल वजन सांगतं ते अख्ख्या माशाचं. डोकं, काटे, पंख, आतडी वजा जाता अख्ख्या माशातून ४०-४५ टक्केच खाण्याजोगं निघतं. म्हणून मुख्य जेवण माशाचंच असेल तर माणशी ४०० ग्रॅम अख्खा मासा धरा. वीसजणांना आठ किलो. सोबत इतर पदार्थ भरपूर असतील तर निम्म्यावर भागतं.

डोक्या-सालांसकटच्या कोळंबीतून साधारण निम्मं हाती येतं. खेकड्यातून जेमतेम पाव भाग, शिंपल्यांतूनही तेवढंच किंवा त्याहून कमी. खेकडे मागवताना माणशी एक हा हिशोब पोट भरायला पुरत नाही. खेकडा चवीसाठी ठेवा, पोटासाठी दुसरं काही. शिवाय खेकडा फोडायला वेळ लागतो. दहाजण फोडत बसतात आणि बाकीच्या दहाजणांचं जेवण आटोपलेलं असतं. सगळ्यांसाठी मागवा, किंवा कुणासाठीच नको.

मासा मोठा की छोटे? तीन किलोचा एक मासा पाच-सहा जणांत वाटता येतो, काटे मोठे असल्याने मुलांना निवडून देणं सोपं. पण तो मध्यभागी शिजायला वेळ लागतो आणि शेपटीकडे आधी कोरडा पडतो. अर्ध्या किलोचे मासे एकसारखे शिजतात, पण जाळी लवकर भरते. वीसजणांना तीन-चार मध्यम-मोठे मासे ही आमची पसंती.

स्टार्टर मागवताना सगळ्यात जास्त होणारी चूक : चार प्रकारांची एकेक मोठी प्लेट. ती वेटर ठेवतो त्याच टोकाला संपते. प्रत्येक चौघांमध्ये प्रत्येक प्रकाराची एक छोटी प्लेट हवी. वीसजणांना दोन-तीन प्रकार, प्रत्येकाच्या पाच प्लेटा.

पहिल्यांदा अंदाजाच्या पाऊणपटच मागवा. पंधरा मिनिटांत येणाऱ्या गोष्टी (भात, पाव, तळलेले छोटे तुकडे, भाज्या) नंतर वाढवता येतात. भाजायचा मोठा मासा नंतर मागवला तर तो हात धुवायच्या वेळी येतो.

मेनूकार्डवर किंमतच नाही, 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलंय. फसवणूक कशी टाळायची?

ताज्या माशाचा भाव रोज बदलतो, त्यामुळे तसं लिहिणं यात गैर काही नाही. गैर आहे ते न विचारता मागवणं. भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा? वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? शिजवण्याचे पैसे त्यात धरलेत की वेगळे? मासा समोर वजन करून घ्या, आकडा आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या, त्याचा फोटो ठेवा. वीसजणांच्या गडबडीत "तो मोठा आण" असं कुणीतरी परस्पर सांगून टाकतं आणि बिल आल्यावर कोणालाच आठवत नाही. ऑर्डर एकाच माणसाने द्यावी ती यासाठीही.

निवडताना डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं, आणि वास समुद्राचा, अमोनियासारखा उग्र नव्हे. मासा कापून ठेवलेला असेल तर यातल्या पहिल्या दोन खुणा गेल्या, तेव्हा वासावर आणि घट्टपणावर भर द्या. शिंपले शिजवल्यावर न उघडलेले असतील तर खाऊ नका.

वादळी हवेनंतरचे एक-दोन दिवस होड्या बाहेर गेलेल्या नसतात, आणि अनेक किनाऱ्यांवर माशांच्या प्रजननाच्या काळात मासेमारी बंद असते. अशा वेळी "सगळं ताजं आहे" या उत्तरापेक्षा "आज हे दोनच प्रकार आले आहेत" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा. नीट गोठवलेला मासा चांगलाच असतो, ताज्याच्या भावात विकलेला मात्र घेऊ नये.

ग्रुपमध्ये एकाला कोळंबीची ॲलर्जी आहे. मासा चालेल का?

हे त्या व्यक्तीच्या डॉक्टरांनी सांगायचं, पण समजून घ्यायला एवढं : कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्यात ॲलर्जी आणणारं प्रथिन बरंचसं सारखं असतं, त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला बाकीच्यांचीही असण्याची शक्यता दाट. माशाची ॲलर्जी वेगळ्या प्रथिनाची असते. म्हणून "सीफूडची ॲलर्जी" असं मोघम सांगू नका, कशाची ते नाव घेऊन सांगा.

खरा धोका ताटात दिसत नाही. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बटाट्याच्या काचऱ्या तळल्या जातात. ज्या जाळीवर खेकडा भाजला त्याच जाळीवर भाजी. वेगळी कढई, वेगळा चिमटा, आणि ती प्लेट सगळ्यात आधी करून बाजूला ठेवणं, एवढं तरी स्पष्ट मागा. हॉटेल म्हणालं की जमणार नाही, तर ते प्रामाणिक उत्तर आहे. मग त्या माणसाचं जेवण दुसरीकडून मागवायची परवानगी घ्या. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगणाऱ्याने ते गाडीत ठेवू नये, खिशात किंवा पर्समध्येच हवं, आणि शेजारी बसलेल्याला ते कुठे आहे ते माहीत हवं.

ॲलर्जी नसतानाही कधी बांगडा, ट्यूना असे मासे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. मासा पकडल्यावर नीट गार न ठेवल्याने त्यात हिस्टामिन तयार झालेलं असतं, आणि ते शिजवून जात नाही. तिखट किंवा धातूसारखी चव लागली तर खाणं थांबवा आणि टेबलावरच्या सगळ्यांना थांबवा. श्वासाला त्रास होऊ लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत. शार्क, स्वोर्डफिश यांसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो, तेही गरोदरपणात टाळावेत.

मासे न खाणाऱ्यांचं काय?

त्यांच्यासाठी बुकिंगच्या वेळीच दोन पूर्ण पदार्थ ठरवा, सॅलड आणि भातावर त्यांची बोळवण करू नका. वेगळ्या तव्याची विनंती आधी करा. त्यांना टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलं की त्यांचे पदार्थ त्यांच्यापर्यंत पोचतात आणि वासाचा त्रासही कमी होतो.

मुलांना कसं सांभाळायचं?

मुलांचं जेवण सगळ्यांत आधी मागवा, बसल्याबसल्या. भूक लागलेलं मूल चाळीस मिनिटं थांबत नाही आणि पोट भरलेलं मूल जागेवर बसत नाही, तेव्हा जेवल्यावर कोण त्यांना बघणार तेही ठरवून ठेवा.

पाणी जवळ आहे हे एक क्षण विसरू नका. वीस मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघतोय. म्हणून पाळी लावा : पंधरा-पंधरा मिनिटं, एका वेळी एक माणूस, हातात फोन नाही आणि दारूचा ग्लास नाही. पाळी बदलताना नाव घेऊन "आता तू" असं सांगायचं. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. तोंडात पाणी जात असताना आवाज फुटत नाही, म्हणून आवाजावर विसंबून चालत नाही. अंधार पडल्यावर पाण्यात कुणीच उतरायचं नाही, मोठ्यांनीही.

घशात काटा अडकला तर भाताचा गोळा गिळायचा ना?

नको. गोळ्याने काटा कधी आणखी खोल रुततो. थोडं खोकून बघा, घोट-घोट पाणी प्या. टोचणं थांबलं नाही, लाळ गिळता येईना किंवा रक्त आलं तर डॉक्टरांकडे जा.

व्हीलचेअर घेऊन जाता येईल का?

'उतार आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. पार्किंगपासून टेबलापर्यंत वाळू आहे का विचारा, वाळूत साधी व्हीलचेअर हलत नाही. दार ९० सेंटिमीटर रुंद असावं. टॉयलेटचं दारही विचारा, तिथेच अडतं. टेबलाखाली मधोमध खांब असलेल्यापेक्षा चार पायांचं टेबल बरं.

बिल कसं वाटायचं?

आधी ठरवून. टीटीएमएम करायचं असेल तर ते ऑर्डर देण्यापूर्वी हॉटेलला सांगा, जेवणानंतर चोवीस वेगळी बिलं कोणी बनवून देणार नाही. मध्ये ठेवून वाटून खाल्लेल्या जेवणाला ते लागूही पडत नाही.

त्यातल्या त्यात न्याय्य पद्धत म्हणजे वाट्यांची. मोठा माणूस एक वाटा, लहान मूल अर्धा. अठरा मोठे आणि चार मुलं म्हणजे वीस वाटे. जेवणाचं बिल भागिले वीस. दारूचं बिल पूर्ण वेगळं, ते फक्त पिणाऱ्यांत. न पिणाऱ्याकडून त्याचे पैसे घेतले की तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी येत नाही. पैसे आधीच गोळा केलेले सगळ्यात चांगले. अंदाजे रकमेच्या दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेले परत करा.

गोड पदार्थ येतानाच बिल तयार करायला सांगा, मोठं बिल बनायला वेळ लागतो. तपासताना ॲडव्हान्स वजा झालाय का, प्लेटांची संख्या, वजनावरच्या माशाची रक्कम (फोटो इथे उपयोगी पडतो) आणि सर्व्हिस चार्ज एवढं बघा. सर्व्हिस चार्ज लागलेला असेल तर वेगळी टिप ऐच्छिक. किनाऱ्यावर मोबाइलची रेंज दगा देते, आणि मोठ्या रकमेला कार्डची किंवा खात्याची दिवसाची मर्यादा आडवी येते. थोडी रोकड आणि दुसरं कार्ड बरोबर ठेवा.

वाढदिवसाचा केक नेता येईल?

विचारून. बाहेरचा केक चालतो का, कापून द्यायचे पैसे लागतात का, फ्रिजमध्ये जागा आहे का. क्रीमचा केक गरम हवेत टेबलावर ठेवू नका. मेणबत्त्या वाऱ्यात पेटणार नाहीत, दोन मिनिटं आत जाऊन केक कापा. फुगे नेऊ नका, सुटले की समुद्रातच जातात.

उरलेलं पार्सल न्यावं का?

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर नेऊ नका. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर ही मर्यादा एक तासावर येते. ही वेळ अन्न टेबलावर आल्यापासून मोजायची, पार्सल बांधल्यापासून नव्हे, आणि घरी जाण्याचा प्रवासही त्यातच धरायचा. म्हणून खाणं मंदावलं की लगेच, गप्पा रंगण्याआधी, न उष्टावलेले पदार्थ वेगळे काढून फ्रिजमध्ये ठेवायला सांगा आणि निघताना घ्या. लांब जायचं असेल तर हॉटेलकडून बर्फाची पिशवी मागा, मासे ठेवणाऱ्या हॉटेलात बर्फ असतोच. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं काही नेऊ नका. पार्सल गाडीच्या डिकीत ठेवू नका, ती उन्हात खूप तापते. घरी गेल्यावर आधी पार्सल फ्रिजमध्ये, मग पायाची वाळू.